तनखा, व्याज आणि पामर पेढी

परभणी जिल्ह्यांतील जुनीं मोडी दप्तरें चाळणाऱ्यांस ‘तनखा’ हा शब्द पदोपदीं भेटतो. अमुक परगण्याच्या वसुलांतून अमुक रक्कम अमक्यास परभारें द्यावी, असा तो हुकूम. परक्या भांडवलानें हैदराबादच्या दौलतींत पाय कसा रोवला हें समजण्यास हाच शब्द उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.

विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी १८१४ सालीं हैदराबादेंत निघाली. ती परकी म्हणावयाची, परंतु तिच्यांत बंकटीदास हा गुजराती सावकार भागीदार होता, आणि ठेवी बऱ्याच अंशीं इंग्रज अंमलदारांच्या होत्या. गव्हर्नर-जनरलच्या परवानगीवांचून इंग्रज प्रजाजनानें देशी संस्थानिकास कर्ज देऊं नये, असा पार्लमेंटचा १७९७ चा कायदा होता. १८१६ त लॉर्ड हेस्टिंग्ज यांनीं ती परवानगी दिली. पेढीचे एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड हे हेस्टिंग्ज यांच्या पाल्य कन्येचे पती होते, हें येथें नमूद केलेलें बरें. राजा चंदुलाल यांस इंग्रज अंमलदारांच्या हाताखालील फौजेचा पगार भागवावयाचा होता. पेढी रोकड देई, निजाम सरकार महसुलावर तनखे लिहून देई. १८२० त कर्जाचा आंकडा साठ लाखांवर गेला.

आतां व्याजाकडे वळूं. याज्ञवल्क्यानें तारणाच्या ऋणास दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे सालीना शेकडा पंधरा, ही वृद्धि सांगितली आहे. तारण नसल्यास कमींत कमी दरमहा शेकडा दोन, म्हणजे सालीना चोवीस. अरण्यांतून जाणाऱ्या व्यापाऱ्यास दरमहा दहा आणि समुद्रगामी व्यापाऱ्यास वीस. जोखीम वाढली कीं व्याज वाढावें, असा त्यांतील न्याय. पामर पेढीजवळ महसुलाचें तारण होतें, पाठीशीं कलकत्त्याची संमति होती. तरीहि तिचा दर चोविसांच्या घरांतच राहिला. जोखीम गेली, पण तिचें मोल वसूल होतच राहिलें, आणि तें शेवटीं कुणब्याच्या खळ्यांतून निघालें.

रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ यांनीं हा व्यवहार उघडकीस आणला. उत्तर सरकारांबद्दल कंपनी निजामास सालीना सात लाखांची पेशकश देत असे. ती १८२३ त १,१६,६६,६६६ रुपयांस कायमची विकत घेऊन त्या पैशांतून पेढीचें देणें वारलें. वाचकांनीं त्रैराशिक मांडून पाहावें: शेकडा सहानें सात लाख व्याज देणारें मुद्दल नेमकें इतकेंच येतें. निजामास कर्ज चोविसांनीं मिळालें. त्याचें हक्काचें उत्पन्न मात्र सहांच्या हिशेबानें गेलें. पुढें १८२४ त पेढीहि बुडाली. फौजेच्या पगाराचें ओझें तसेंच राहिलें, आणि त्याच थकबाकीपायीं १८५३ त वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं झालें.

अकबराच्या काळीं पाथरी हें त्याच वऱ्हाड सुभ्यांतील एक सरकार होतें. पाथरी, जिंतूर, गंगाखेड भागांतील देशमुख-देशपांडे घराण्यांत १८१६ ते १८२३ च्या सुमाराच्या तनखा-चिठ्ठ्या असल्यास त्यांवर सावकाराचें नांव, हप्त्याची मिति व कापलेली मनोती तेवढी पाहून नकल मंडळाकडे पाठवावी. रद्दीच्या तराजूंत दप्तरें जातांना आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत; म्हणून ही विनंती पुढील अंकाची वाट न पाहतां करीत आहों.