मृत्यूच्या आधींचें गाणें

व्यसनी माणसाची निंदा करणारे पुष्कळ भेटतात. परंतु त्याच्यावर जीव लावून बसलेल्या माणसाचे हाल कोणी सहसा सांगत नाहीं. ते सांगणारें एक लहानसें गीत पाश्चात्य रॉक संगीताच्या इतिहासांत आहे. कॅनडांत जन्मलेल्या नील यंग या गायकाचें 'द नीडल अँड द डॅमेज डन' हें तें गीत. त्यांतील सुई हेरॉइन टोंचून घेण्याची होय.

१९६९ सालीं 'क्रेझी हॉर्स' या वाद्यवृंदाच्या साथीनें यंगची एक ध्वनिमुद्रिका निघाली. त्या वृंदाचा गिटारवादक डॅनी व्हिटन हा गाण्यांतही यंगचा जोडीदार होता. 'सिनॅमन गर्ल' हें गीत ऐकावें, म्हणजे दोघांचे आवाज एकमेकांना किती धरून चालत, तें कळतें. पुढें हेरॉइननें व्हिटनला ग्रासलें आणि वादनावरील त्याची पकड सुटूं लागली.

हें सारें जवळून पाहणाऱ्या यंगनें १९७१ च्या जानेवारींत हें गीत श्रोत्यांपुढें गाइलें. १९ तारखेस तें टोरँटोच्या मॅसी हॉलमध्यें झालें. ३० तारखेस लॉस एंजेलिसच्या रॉइस हॉलमध्यें झालेलें गायनच १९७२ च्या 'हार्वेस्ट' या ध्वनिमुद्रिकेंत घेतलें आहे. एक गिटार, एक आवाज आणि अवघीं दोन मिनिटें! त्यांत ना उपदेश आहे, ना धिक्कार.

आज पुष्कळ लोक या गीताला विलापिका समजतात. परंतु तारखा नीट पाहिल्या, तर एक गोष्ट ध्यानांत येते: गीत गाइलें गेलें, तेव्हां व्हिटन जिवंत होता. म्हणून हा गेलेल्या मित्रासाठीं केलेला शोक नव्हे. डोळ्यांदेखत वाहून चाललेल्या मित्राला काठावरून घातलेली ती हांक आहे.

यंग केवळ हांक मारून थांबला नाहीं. १९७२ च्या शरदांत, पुढील दौऱ्याच्या तालमीसाठीं, त्यानें व्हिटनला कॅलिफोर्नियांतील आपल्या मळ्यावर बोलाविलें. पण व्हिटनच्यानें वाजवणें निभेना. शेवटीं १८ नोव्हेंबर रोजीं विमानाचें तिकीट व ५० डॉलर हातीं देऊन यंगनें त्याला लॉस एंजेलिसला परत धाडलें. त्याच रात्रीं अतिसेवनानें व्हिटनचा अंत झाला. या मृत्यूचा दोष यंग पुढें स्वतःकडे घेत राहिला.

त्याला ठेवून घेतलें असतें तर तो वांचला असता काय? या प्रश्नाचें उत्तर इतिहासाजवळ नाहीं. व्यसन हा आजार आहे व त्याला दीर्घ उपचार लागतात, हें आज वैद्यक सांगतें. मित्राचें प्रेम त्या उपचारांपर्यंत नेणारी वाट होऊं शकतें. परंतु त्यांची जागा तें घेऊं शकत नाहीं. ज्या घरांत असा कोणी आहे, तेथील माणसांनीं स्वतःला अपराधी ठरविण्यापूर्वीं एवढें ध्यानांत ठेवावें.

१९७३ सालीं यंगच्या परिवारांतील ब्रूस बेरी हा साहाय्यकही हेरॉइनला बळी पडला. या दोन मृत्यूंच्या छायेंत तयार झालेली 'टुनाइट्स द नाइट' ही ध्वनिमुद्रिका १९७५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत १९७० मधील एका जलशाचें गाणें यंगनें मुद्दाम घातलें आहे. तें गाणारा मुख्य आवाज आहे डॅनी व्हिटनचा.