भोपळ्याचा तास (तळटीप)

३. हॅलोवीन : ३१ ऑक्टोबर, सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. मीरा-भाईंदरातील ज्या इंग्रजी शाळा हा दिवस पाळतात, तेथे गणिताच्या तासाला लाल भोपळ्याचा घेर सुतळीने मोजून त्याच्या बुळबुळीत बिया दहा-दहांच्या राशींनी मांडणे, विज्ञानाच्या तासाला कागदी सांगाड्यावर अस्थींची नावे लिहिणे, भाषेच्या तासाला भूतकथा रचणे, इतिहासाच्या तासाला मुखवटे करणे, असे उपक्रम योजिले जातात. (कंदिलासाठी आयर्लंडात पूर्वी सलगम कोरीत, भोपळ्याचा मान अमेरिकेतला.) दिवाळीची सुट्टी याच सुमारास मुक्रर झाली, तर हा सोहळा आधीच उरकावा लागतो. तथापि उत्तन-डोंगरीच्या ख्रिस्ती वस्तीत २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणार्थ थडग्यांवर फुले व मेणबत्त्या ठेवण्याचा रिवाज हाताशी असता इतिहासाच्या तासाने मुखवट्यांवरच समाधान मानावे, हे आमच्या मते उणेपणाचे होय.

— संपादक