आलेखाचे प्रमाण

निजामी अमदानीत परभणीकडच्या मुलखात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पैमाईश आणि बंदोबस्त झाला, तेव्हा 33 फुटी साखळीने मोजलेले शिवार कागदावर कोणत्या प्रमाणात उतरवावयाचे हे सरकारने आधीच मुक्रर केलेले असे. आणि एखादा बांध नेमका कोठे वळतो हे गावनकाशावरून उमगले नाही, तर टिपणाचे दप्तर उघडावे लागे. गणिताच्या वर्गातही हाच दंडक होता. आलेख-कागदाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण : 1 सेंमी = 5 एकके’ असे प्रथम लिहावयाचे, मग बिंदू मांडावयाचे; आणि वक्ररेषेचा एखादा सूक्ष्म हेलकावा त्या प्रमाणात बुडून गेला, तर नवा कागद घेऊन सारी आकडेमोड पुन्हा करण्यावाचून गत्यंतर नसे.

संगणक आला तरी हा जाच एकाएकी सरला नाही. 1986 मध्ये टॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी आरंभिलेल्या ‘ग्नूप्लॉट’ या आलेख काढणाऱ्या आज्ञावलीत अक्षांच्या मर्यादा आकड्यांनी टंकूनच कळवाव्या लागत; संगणक-संशोधक एंगेलबार्टने माउस 1968 मध्येच जगापुढे मांडलेला असूनही त्याचा आलेखावरील संचार 2004 च्या 4.0 आवृत्तीत रूढ झाला. उजव्या कळीने एक कोपरा धरावा, आयत ताणावा, पुन्हा कळ दाबावी, की तेवढाच प्रदेश पडदा व्यापतो. येथे नुसते चित्र फुगत नाही. नव्या मर्यादांत फलनाच्या किमती नव्याने काढल्या जातात. म्हणूनच 1/x च्या साइनचा शून्याजवळचा काळाकुट्ट गुंता वेढून मोठा केला असता त्यातून एकेक लाट सुटी होत जाते, हा मला या कलेचा परमोच्च विशेष वाटतो.

1972 पासून कृषी विद्यापीठाचे अधिष्ठान असलेल्या परभणीत या सोयीचे मोल निराळे आहे. जून ते सप्टेंबरचे पर्जन्य एका आलेखात मांडले म्हणजे हंगाम भरल्यासारखा भासतो. ज्यात उभे पीक माना टाकते तो ऑगस्टमधला खंड, तेवढा भाग मोठा केल्यावाचून नजरेत भरत नाही. मात्र येथे यंत्राला नवे काहीही काढता येत नाही, कारण साध्या पर्जन्यमापकाची नोंद सकाळी 8.30 वाजता, दिवसाकाठी एकदाच होते, आणि दोन नोंदींमधली रेषा केवळ यंत्राने जोडलेली असते. अशा आलेखात रेषेऐवजी सुटे स्तंभ मांडणेच मला न्याय्य वाटते, विशेषतः त्यावरून दुबार पेरणीचा निर्णय व्हावयाचा असेल तेव्हा.