आगोटीची बेगमी : खारदांड्यातील सुके बोंबील

साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यावर, वांद्रे आणि जुहू यांच्या दरम्यान वसलेल्या खारदांड्याच्या कोळीवाड्याने अनेक राजवटी पाहिल्या. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसईच्या तहान्वये हा मुलूख पोर्तुगिजांच्या स्वाधीन केला. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी सर केली. १७७४ अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा अंमल येथे कायम झाला. या उलाढालींचा तपशील दप्तरादप्तरांतून सापडतो. परंतु दर्या बंद असताना ज्या विद्येच्या आधारावर कोळ्यांच्या चुली पेटत राहिल्या, त्या मासळी सुकविण्याच्या आणि, त्याहूनही दुष्कर, ती सुकी राखण्याच्या विद्येला तिचा मान क्वचितच मिळाला.

बोंबलाच्या देहात दहा भागांतले जवळजवळ नऊ भाग पाणीच असते. म्हणूनच पकडल्यानंतर काही तासांतच नासू लागणारा हा मासा वाळविण्याची तजवीज करणे किनाऱ्यावरील लोकांस भागच होते. पावसाळा सरला, आकाश निवळले आणि कोरडा वारा वाहू लागला, की बांबू रोवून, त्यांवर दोर ताणून वलांड्या उभ्या राहतात. आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून केलेल्या जोड्या त्या दोरांवर ओळीने टांगल्या जातात. जवळा मात्र जमिनीवर पसरतात, आणि करंदी सोलून वाळविली की तिचे सोडे होतात. हे काम बहुतांशी स्त्रियांचे. बोंबील पुरता वाळला की नाही, हे त्या बोटांनी वाकवून सांगतात. आत ओल राहिलेला मासा वरून कितीही कडक दिसला तरी त्यांच्या हातांस फसवू शकत नाही.

हवेतील ओलाव्याशी असा नित्य व्यवहार करणारा आणखी एक पदार्थ याच पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या देशात आला, तो म्हणजे तंबाखू. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग या मोगल दरबाऱ्याने ती विजापुराहून अकबराच्या दरबारात नेली. तिच्या पानांच्या जाड सिगारी स्पॅनिश सीडर या सुगंधी लाकडाच्या पेटीत, सुमारे सत्तर टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवतात. त्याहून हवा कोरडी झाली तर पान तडकते आणि सुगंध उडून जातो. विशेष हे, की ज्या सीमेवर सिगार सुखाने नांदते, साधारण तेथूनच सुक्या मासळीचे संकट सुरू होते. त्यापलीकडे तिच्यावर बुरशी धरू लागते. मुंबईत आषाढ-श्रावणातील सकाळची आर्द्रता तर पंच्याऐंशी टक्क्यांच्याही वर जाते. अशा हवेत कोळणींनी कोणत्याही यंत्रावाचून वर्षानुवर्षे आपली बेगमी सांभाळली, ही सामान्य गोष्ट मानता येणार नाही.

त्यांचे उपाय साधे, पण विचारपूर्वक योजिलेले होते. पावसाच्या तोंडावर, आगोटीस, सगळा साठा पुन्हा कडक उन्हात घालावयाचा. तो पुरता निवल्याखेरीज भरावयाचा नाही, कारण उष्ण मासळी डब्यात कोंडली तर तिचीच वाफ तिला भिजविते. मग घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात कागदाच्या थरांत ती रचावयाची, किंवा चुलीवरच्या माळ्यावर, धुराच्या उबेत, ठेवावयाची. पावसात मधूनच ऊन पडले, की डबे उघडून मासळीला ऊन दाखवावयाचे. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या त्या दिवसांत नारळी पौर्णिमेपर्यंत घरचे जेवण याच साठ्यावर चाले, आणि उरलेल्याच्या विक्रीतून रोकडही हाती येई.

आज वलांड्यांसाठी लागणारी मोकळी जमीन किनाऱ्यावर दुर्मीळ होत चालली आहे. ज्यांना शहराचे नकाशे आखावयाचे आहेत, त्यांना रिकामे दिसणारे ते मैदान वस्तुतः कोळ्यांचा कारखाना आहे. कोळीवाड्यांच्या हद्दी ठरविताना घरांच्या बरोबरीने वाळवणीच्या जागाही गावाच्या वहिवाटीत धरून त्यांची सरकारी दप्तरी नोंद झाली पाहिजे, आणि त्या कामी खारदांड्यातील वयोवृद्ध कोळणींची साक्ष प्रथम घेतली पाहिजे.