स्क्रू ड्रायव्हर कानाला कधी लागला

चारही चाकांना ओढ देणाऱ्या ट्रकमधून साठ-सत्तरच्या वेगाला ‘घूंऽऽ’ असा सलग सूर येऊ लागला की मेकॅनिक गाडी स्टँडवर चढवतो, चाकं सावकाश फिरती ठेवतो, लांब दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक डिफरन्शियलच्या हाऊसिंगवर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. ही युक्ती डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपवरून उचलली, असं सहज मानलं जातं. माझ्या मते हिशेब उलटा आहे. यंत्राचा बिघाड कानाने हुडकण्याची कल्पना सतराव्या शतकातल्या लंडनमधल्या रॉबर्ट हूकची. दवाखान्यात ती पुढे शंभराहून जास्त वर्षांनी पोचली. आणि योगायोग असा, की मेकॅनिक जिथे दांडा टेकवतो तिथून हातभर अंतरावर, प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला बसवलेल्या जॉइंटला आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत आजही हूकचंच नाव आहे.

दांडा लागतोच कशाला, हे आधी पाहू. डिफरन्शियलमध्ये शाफ्टच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाला, म्हणजे पिनियनला, ९ दात आणि तो ज्याला फिरवतो त्या मोठ्या क्राऊन व्हीलला ४१ दात आहेत असं धरा. शाफ्ट मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर दर सेकंदाला ३०० दात एकमेकांत शिरतात, म्हणून सूरही ३०० हर्ट्झचा. तीन मीटर घेराच्या टायरवर हा वेग ताशी ऐंशीच्या आसपास येतो. एकाच ॲक्सलला ओढ असलेल्या गाडीत एवढ्यावर भागतं. इथे मात्र पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर सारखं ठेवावं लागतं, नाहीतर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झगडतील आणि शाफ्टला पीळ पडेल. म्हणजे पुढचा डिफरन्शियल रडला काय आणि मागचा रडला काय, पट्टी एकच. त्यात चॅसीचं लोखंड तो आवाज केबिनभर पसरवतं; मागचा बिघाड ड्रायव्हरला पायाखाली ऐकू येतो. सुराच्या उंचीवरून पत्ता लागत नसेल तर प्रत्येक घराच्या दाराशी जाऊनच ऐकायला हवं, आणि हवेतून ऐकण्यापेक्षा धातूतून ऐकलेलं बरं.

धातूतून ऐकणं आणि आवाजावरून बिघाडाचा पत्ता काढणं, या दोन्ही गोष्टी हूककडे सापडतात. ‘मायक्रोग्राफिया’ या १६६५च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की ताणलेल्या तारेतून आवाज आपण बराच लांब नेला, तोही क्षणात, आणि तार वाकडीतिकडी असली तरी तो पोचला. आवाजाला हवाच लागते असं नाही. दुसरा पुरावा जास्त बोलका आहे. १७०३ साली हूक वारला आणि १७०५ साली त्याचं अप्रकाशित लिखाण रिचर्ड वॉलरने छापलं. त्यात एके ठिकाणी घड्याळाचा दाखला येतो: बॅलन्सचा ठोका, चाकांची धाव, हातोड्यांचे टोले, दातांची घासाघीस, सारं बाहेर ऐकू येतं. त्याचप्रमाणे माणसाच्या शरीरातल्या निरनिराळ्या कारखान्यांत काय चाललंय आणि कुठलं यंत्र बिघडलंय, हेही आवाजावरून कळू शकेल, अशी आशा तो व्यक्त करतो. फुप्फुसांची घरघर आणि सांध्यांची कुरकुर त्याच यादीत येते. इथे क्रम बघण्यासारखा आहे. दातांच्या चाकांचा आवाज त्याला आधीच परिचयाचा आहे, आणि त्यावरून तो देहाकडे वळतो.

यावर पहिला आक्षेप स्टेथोस्कोपचा जनक, फ्रेंच डॉक्टर रेने लाएनेक याच्या बाजूने येईल. १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात त्याने कागदाची गुंडाळी छातीला लावली आणि १८१९ साली ग्रंथ काढला. हूकने नुसती आशा बाळगली, उपकरण केलं नाही. आक्षेप खरा आहे. शिवाय लाएनेक श्रेय देतो ते तुळईला: एका टोकाला टाचणी खरवडली की दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ती स्पष्ट ऐकू येते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे असं तो लिहितो. हूककडून लाएनेककडे थेट वारसा गेला असं म्हणायला आधार नाही. पण या साक्षीने माझीच बाजू भक्कम होते. तुळई ही सुताराच्या कामातली वस्तू, आणि लाएनेक आपल्या लाकडी नळ्या स्वतः लेथवर कातायचा. रबरी नळ्यांचे दोन कानांचे स्टेथोस्कोप १८५० नंतरचे. मेकॅनिकचा भरीव दांडा त्यांच्याहून थोरला, तुळईच्या घराण्यातला. तिसरा दावेदार ऑस्ट्रियन डॉक्टर आउएनब्रुगर. त्याने १७६१ साली छातीवर बोटं ठोकून निदान सांगितलं. पण डिफरन्शियल ठोकून रडत नाही, चालवून रडतो. तो दावा इथे लागूच होत नाही.

जॉइंटच्या नावावरही असाच वाद आहे. बरेच युरोपीय त्याला सोळाव्या शतकातल्या कार्दानोचं नाव देतात. एकात एक फिरणारी कडी कार्दानोने वर्णिली खरी, पण कोनात बसवलेल्या जॉइंटचा पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि सोडतो, हे हूकने ओळखलं आणि सूर्याच्या निरीक्षणासाठी वापरात आणलं. मी हूकच्या बाजूने आहे. १६७४ साली त्याने पायरीपायरीने सरकवलेल्या दातांचं चाकही मांडलं होतं: एक दात सुटण्याआधी पुढचा लागावा, धक्का बसू नये. पॅकार्डच्या गाड्यांत १९१३ साली स्पायरल बेव्हल आणि १९२६ साली हायपॉइड गिअर आले, त्यामागे तीच गरज होती. सरळ दातांची गुरगुर त्यांनी घालवली आणि चुकून उरणारा बारीक सूर ठेवला. त्याचीच तक्रार आज गॅरेजात येते.

लाएनेकचं ऋण मात्र मान्य केलं पाहिजे, फक्त ते वेगळं आहे. त्याने आवाजांना नावं दिली आणि मृत्यूनंतर देह उघडून आवाज आणि बिघाड यांची जोडी लावली. गॅरेजात हेच होतं. ॲक्सिलरेटर दाबला की सूर आणि सोडला की बंद, तर संशय दातांच्या बैठकीवर. दाबला-सोडला तरी फरक नाही, तर बेअरिंगवर. वळणावर वाढला, तर चाकाच्या बेअरिंगवर. गिअर बदलूनही गाडीच्या वेगाशीच सूर बांधलेला राहिला, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढे. चारचाकी ओढीत आणखी एक खोच आहे: बऱ्याच ट्रकांत पुढच्या ॲक्सलचे दात ओढताना उलट्या बाजूने दाबले जातात, त्यामुळे मागच्या ॲक्सलचा ठोकताळा पुढच्याला लावता येत नाही. स्टँडवर गाडीला भार नसतो, म्हणून दाबल्यावरच येणारा सूर तिथे गप्प बसतो, ही दांड्याची खरी मर्यादा. त्यासाठी हाऊसिंगला चिमट्याने मायक्रोफोन लावून रस्त्यावर ऐकतात.

शेवटचा निकाल झाकण उघडल्यावरच. तेलात कालवलेला शेंदूर क्राऊन व्हीलच्या चार-सहा दातांना लावून चाक फिरवतात. ठसा दाताच्या मुळाशी उमटला तर पिनियन जास्त आत, माथ्याशी उमटला तर जास्त बाहेर. त्याप्रमाणे शिम, म्हणजे अंतर जुळवणारी पातळ चकती, बदलायची. तेव्हा पहिल्याच भेटीत कुणी ‘क्राऊन-पिनियन बदलावं लागेल’ म्हणालं, तर दांडा कुठे कुठे टेकवून पाहिला ते विचारा, आणि पैसे मोजण्याआधी तो ठसा स्वतः बघा.