पर्वत : बायबलमध्ये आणि इतर देवपूजांत (असीरगडाच्या संदर्भासह)

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यापासून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, तापी आणि नर्मदा यांच्या खोऱ्यांना जोडणाऱ्या सातपुड्यातल्या वाटेवर असीरगड उभा आहे. गडावर महादेवाचे मंदिर आहे, फारुकी सुलतानांच्या काळातली मशीद आहे आणि इंग्रजी अमलातल्या कबरीही आहेत. मंदिराशी अश्वत्थाम्याची कथा जोडलेली आहे. कपाळावर भळभळती जखम घेऊन फिरणारा तो चिरंजीव पहाटे कोणी उठण्याआधी पिंडीची पूजा करून जातो आणि सकाळी पिंडीवर ताजे फूल दिसते, असे निमाड-खानदेशात सांगतात. याच गडाला अकबराने घातलेल्या वेढ्याच्या वेळी जेरोम झेवियर आणि बेंतो द गोइश हे जेझुइट पंथाचे दोघे जण बादशहाबरोबर होते. जानेवारी 1601 मध्ये गड पडला आणि पुढच्याच वर्षी झेवियरने येशूचे फारसी चरित्र अकबराला सादर केले. म्हणजे बायबलमधल्या पर्वतकल्पना आणि सातपुड्यातली पर्वतभक्ती चारशे वर्षांपूर्वीच एका डोंगराच्या पायथ्याशी आल्या होत्या. त्यांच्यात नेमका फरक कोणता, हा या नोंदीचा विषय आहे.

बायबल पर्वतपूजेच्या विरुद्ध आहे, एवढ्यावर हा प्रश्न सहसा मिटवला जातो. हे उत्तर अपुरे आहे. इस्राएली लोक ज्या कनान देशात राहिले, तिथला बआल हा वादळाचा आणि पावसाचा देव साफोन पर्वतावर राहतो अशी श्रद्धा होती. सिरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा इथे 1929 पासून सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरून हे स्पष्ट झाले. तोच पर्वत पुढे ग्रीकांनी झ्यूसचा मानला. बायबलने या शेजाऱ्यांची भाषा टाकून दिली नाही, उलट आपलीशी केली. मेघगर्जना, धूर, अग्नी आणि थरथरणारा डोंगर हा सीनायवरच्या दर्शनाचा सारा थाट वादळाच्या देवाला शोभेल असाच आहे, आणि 48 व्या स्तोत्रात यरुशलेमेतल्या सियोन डोंगराचे वर्णन करताना कवी थेट साफोनचाच उल्लेख करतो. बआलच्या साडेचारशे संदेष्ट्यांना एलीयाने आव्हान दिले तेही सपाटीवर दिले नाही, कर्मेल डोंगरावर दिले. टेकड्यांवरच्या ‘उच्च स्थानां’चा पुढे कडक निषेध झाला हे खरे. पण त्याआधी अशाच एका उच्च स्थानावर शमुवेल यज्ञाला आशीर्वाद देतो आणि गिबोनच्या उच्च स्थानावर शलमोन होम करतो. ही स्थाने पाडण्याची मोहीम राजा हिज्कीया आणि नंतर योशीया यांच्या काळातली आहे. तिच्यामागे उपासना यरुशलेमेत एकवटण्याचा विचार होता, उंचीविषयी तिटकारा नव्हता.

मग वेगळेपण कुठे आहे? ते देव आणि डोंगर यांच्या नात्यात आहे. साफोनवर बआल राहतो, ऑलिंपसवर झ्यूस राहतो. सीनायवर मात्र देव उतरतो, बोलतो आणि लोकांबरोबर पुढे निघतो. डोंगर हे त्याचे घर नसते, भेटीची जागा असते. याचा सर्वांत बळकट पुरावा बायबलच्या मौनात आहे. नियमशास्त्र जिथे मिळाले तो सीनाय डोंगर नक्की कोणता, यावर आजही अभ्यासकांचे एकमत नाही, कारण त्याची खूण जपावी असे प्राचीन इस्राएलला वाटले नाही. सीनायची यात्रा त्यांच्या एकाही सणाचा भाग नव्हती. होरेबवर (सीनायचेच हे दुसरे नाव) पुन्हा जाणारा ठळक माणूस म्हणजे एलीया, आणि त्याला तिथे देव वाऱ्यात, भूकंपात किंवा अग्नीत सापडत नाही. मोशे नबो डोंगरावरून वचनदत्त देश पाहतो आणि मरण पावतो, पण त्याची कबर कोणालाच ठाऊक नाही, हे ग्रंथ मुद्दाम नोंदवतो. आपल्याकडे अशा जागी समाधी, पादुका आणि जत्रा उभी राहिली असती.

यावर पहिला आक्षेप सियोनाचा. तो डोंगर तर देवाचे निवासस्थान म्हणूनच गायला गेला आहे. आक्षेप वजनदार आहे. परंतु मंदिर बांधून झाल्यावर शलमोनच प्रार्थनेत कबूल करतो की आकाशातही न मावणारा देव या घरात मावणार नाही. आणि सियोन शेतासारखे नांगरले जाईल असे मीखा संदेष्टा बजावतो. साफोन नांगरला जाईल असे बआलचा पुजारी म्हणू शकला नसता, कारण घर गेले की त्याचा देवही गेला. योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी स्त्री उपासना गरिज्जीम डोंगरावर करायची की यरुशलेमेत असा जुना वाद काढते, तेव्हा येशू दोन्ही पर्यायांच्या पलीकडे जातो. हे उत्तर त्या परंपरेत आधीपासून रुजलेल्या विचाराचाच शेवटचा टप्पा आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. सीनाय म्हणून मानलेल्या डोंगराखाली सहाव्या शतकात जस्टिनियनने मठ बांधवलाच, आणि वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउलीच्या सप्टेंबरमधल्या जत्रेला ख्रिस्ती नसलेलेही हजारो लोक मेणबत्त्या घेऊन चढतात. यावरून ग्रंथातला विचार खोटा ठरत नाही. भक्ताला पायाखाली काही ठोस लागते आणि धर्मशास्त्राला ती गरज पुसून टाकता आली नाही, एवढेच त्यातून दिसते. ही गरज हिणवण्याजोगी आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा, कारण तो आपल्या माणसांवरच्या अन्यायाचा आहे. बायबलचा हा निकष लावून इथल्या डोंगरभक्तांना दगडपूजक ठरवण्याची चाल जुनी आहे. वस्तुस्थिती एवढी सरळ नाही. त्र्यंबकेश्वरी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालतात तेव्हा पर्वत स्वतःच पूज्य असतो, आणि सप्तशृंगीची अठरा हातांची देवी तर कड्याच्या कातळातच कोरलेली आहे. तिथे देव आणि डोंगर वेगळे काढता येत नाहीत. पण जेजुरीत खंडोबाचे जुने ठाणे वर कडेपठारावर आहे. म्हाताऱ्या भक्ताला चढ झेपेना म्हणून देव खालच्या गडावर आला, असे सांगतात. हा देव डोंगराला जखडलेला नाही, तो माणसासाठी जागा सोडतो. असीरगडावरही कोणी गडाची पूजा करत नाही. तिथे जपली जाते ती अश्वत्थाम्याच्या येण्याजाण्याची गोष्ट, आणि तो तर शापामुळे कुठेच स्थिर नसलेला भटका आहे.

म्हणून बायबल एका बाजूला आणि बाकी सारे धर्म दुसऱ्या बाजूला अशी रेघ पर्वतांच्या बाबतीत ओढता येत नाही. डोंगर हे देवाचे घर की देवाच्या येण्याची जागा, हा भेद सियोनच्या आत आहे तसाच सह्याद्री-सातपुड्याच्याही आत आहे. बायबलने एक बाजू जाणीवपूर्वक निवडली आणि ती निवड शतकानुशतके स्वतःच्या राजांविरुद्ध, पुरोहितांविरुद्ध लढवली, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. कडेपठारावरून देवाला खाली आणणाऱ्यांनी तीच बाजू कुठलाही निषेध न करता, एका कथेतून घेतली.