जपानांतील आखूड तरवार आणि तिचें रिंगण

शस्त्रविद्येच्या इतिहासांत एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. प्रसंगीं जें शस्त्र जीव वाचवितें, तेंच खेळाच्या रिंगणांत मान मिळवितें असें नाहीं. खेळ म्हटला कीं दोघांना सारखी जागा, स्वच्छ उजेड, ठरलेली वेळ आणि निःपक्षपाती पंच हीं आलींच. ज्या शस्त्राचा जन्मच अडचणीच्या जागेसाठीं झाला, त्यानें अशा मोकळ्या भूमीवर काय करावें? जपानांतील आखूड तरवारीचा वृत्तांत या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे.

कमरेला खोंवण्याच्या या तरवारीस वाकिझाशी म्हणतात. तरवारबाजीच्या शाळांतून मात्र कोदाची हें नांव अधिक रूढ आहे. तिचें पातें सुमारे एक फुटापासून दोन फुटांपर्यंत असतें. तोकुगावा राजवटींत दोन तरवारी बाळगणें हें सामुराई वर्गाचें लक्षण होतें. परक्या घरीं गेलें असतां लांब तरवार दाराशींच उतरवून ठेवावी लागे. आखूड तरवार मात्र कमरेस राही. अर्थात् बसल्या जागीं, ठेंगण्या छताखालीं, हाताच्या अंतरावर शत्रु असतांना जी कामास येईल, ती हीच. तरी तिच्यानें काम साधणें सोपें नव्हतें. १७०१ सालीं एदोच्या किल्ल्यांत आसानो नागानोरी या सरदारानें किरा नांवाच्या दरबारी अधिकाऱ्यावर आखूड तरवारीनें वार केले. किरा घायाळ झाला, पण वांचला. आसानोला त्याच दिवशीं पोट चिरून घेण्याची शिक्षा भोगावी लागली. सत्तेचाळीस स्वामिनिष्ठ सेवकांनीं पुढें घेतलेल्या सूडाची प्रसिद्ध कथा या फसलेल्या वारांतूनच उद्भवली.

या शस्त्राची स्वतंत्र विद्या होती. सोळाव्या शतकांत एचिझेन प्रांतांतील तोदा सेइगेन हा कोदाचीचा आचार्य म्हणून विख्यात झाला. आखूड पात्याचें मर्म एका वाक्यांत सांगतां येईल: लांब तरवारीचा पल्ला ओलांडून आंत शिरावें, शत्रूचें पातें बाजूस सारावें आणि मोकळ्या हातानें त्याचा दंड धरून ठेवावा. एकदां अंतर मिटलें कीं लांबी हाच दोष ठरतो. मियामोतो मुसाशीचें मत याहून निराळें होतें. १६४५ सालीं मृत्यु पावलेल्या या योद्ध्यानें आपल्या अखेरच्या वर्षांत लिहिलेल्या ग्रंथांत लांब तरवारीचा हव्यास धरणारांना दोष दिला, आणि केवळ आखूड तरवारीवर विसंबणारांनाही दिला. पुष्कळ शत्रु अंगावर आले असतां असा मनुष्य नुसता बचावच करीत राहतो, असा त्याचा आक्षेप होता. दोन शस्त्रें कमरेस असतां एक न वापरतां मरूं नये, म्हणून दोन्ही हातांनीं दोन्ही तरवारी चालविण्यास शिकावें, हा त्याचा उपदेश होय.

अठराव्या शतकांत परिस्थिति पालटली. मुखवटा, छातीचें कवच, हातमोजे आणि बांबूची तरवार, म्हणजे शिनाई, हीं साधनें प्रचारांत आलीं आणि खरा वार करूनही कोणाचा जीव जाईना. त्याबरोबर विद्येत स्पर्धा शिरली, व स्पर्धेबरोबर लांबीचा मोह. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत यानागावा संस्थानचा ओइशी सुसुमु हा धिप्पाड वीर पांच फुटांहून लांब शिनाई घेऊन एदोंत आला आणि त्यानें तेथील नामांकित आखाड्यांची त्रेधा उडविली. साहजिकच इतरांच्याही शिनाया वाढूं लागल्या. शेवटीं १८५६ सालीं उघडलेल्या सरकारी शस्त्रशाळेनें सुमारे ११५ सेंटिमीटरची मर्यादा घालून दिली. जेथें वाढत्या लांबीला कायद्यानें आवर घालावा लागला, तेथें दोन फुटांच्या कोदाचीला कोण विचारणार?

मेइजी काळांत तर तरवारीचेंच दिवस फिरले. १८७३ सालीं साकाकिबारा केन्किची यानें तोक्योंत तिकिटें लावून तरवारबाजीचे खेळ केले, ते निर्वाह गमावलेल्या वीरांना दोन घांस मिळावे म्हणून. १८७६ सालीं तरवार बाळगण्यास बंदी झाली. पुढें १८९५ सालीं क्योतो येथें शस्त्रविद्येची राष्ट्रीय संस्था निघाली आणि १९१२ सालीं निरनिराळ्या परंपरांतील सार काढून दहा ठराविक प्रकारांचा एक पाठ सिद्ध करण्यांत आला. त्यांतील सात लांब तरवारीचे व तीन आखूड तरवारीचे आहेत. या तिन्हींत आखूड तरवारवाला लांब तरवारवाल्यावर मात करतो. शेवटच्या दोहोंत तो प्रतिपक्ष्याचा दंडही धरतो. सामन्यांत मात्र प्रतिपक्ष्यास असें धरण्यास मनाई आहे. म्हणजे विद्येचा गाभा पाठांत राहिला आणि खेळांतून गेला.

सामन्यांत आखूड शिनाई उरली ती लांबीच्या जोडीला. १९३४ सालीं, युवराजाच्या जन्मानिमित्त सम्राटासमोर झालेल्या सामन्यांत, दोन शिनाया घेऊन लढणारा फुजिमोतो काओरु अंतिम फेरीपर्यंत पोंचला. तेथें नोमा हिसाशीनें त्याचा पराभव केला. इतकें यश मिळूनही या पद्धतीबद्दल संशय होताच. दोन शस्त्रांचा माणूस बचावास फार कठीण. सांघिक सामन्यांत हार टाळण्यापुरताच त्याचा उपयोग होऊं लागला, अशी तक्रार झाली व विद्यार्थ्यांच्या सामन्यांत या पद्धतीस बंदी आली. महाविद्यालयीन सामन्यांत ती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतच उठली. आजच्या नियमांनीं प्रौढ पुरुषांची आखूड शिनाई ६२ सेंटिमीटरपर्यंत आणि तिच्या जोडीची लांब शिनाई ११४ सेंटिमीटरपर्यंत असावी लागते. एकच शिनाई वापरणारास १२० सेंटिमीटरपर्यंत मुभा आहे. शिवाय आखूड शिनाईचा वार मान्य होण्यास लांब शिनाईनें प्रतिपक्ष्याचें शस्त्र दाबून धरलेलें असावें आणि मारणारा हात पुरता लांबविलेला असावा, अशी अपेक्षा असते. दोघे अगदीं भिडले असतां केलेला तिचा वार सहसा मानला जात नाहीं. ज्या अंतरासाठीं ती घडविली गेली, नेमकें तेंच अंतर तिला वर्ज्य झालें!

सन १९४५ नंतर केन्दोवर बंदी आली. १९५२ सालीं नवी अखिल जपान संस्था स्थापन होऊन तो पुन्हां उभा राहिला. दरम्यान व नंतर आखूड शस्त्रानें अन्यत्र आसरा शोधला. सुट्या संगिनीच्या लष्करी शिक्षणांतून निघालेल्या तान्केन्दोंत दोघेही आखूड शिनाई घेतात. तानाबे तेत्सुन्दो यांनीं चालविलेल्या चानबारा या खेळांत हवा भरलेल्या मऊ कोदाचीची लांबी ६० सेंटिमीटर असते. येथें ती पुन्हां स्वतंत्र झाली खरी. पण समोरही बहुधा तशीच कोदाची असते. लांब तरवारीपुढें आंत शिरण्याचें जें साहस, तें येथेंही दुर्मिळच.

यांत कोणास दोष द्यावा? पंचांनीं धरपकड व अंगलट चालूं दिली असती, तर खेळाचा गोंधळ झाला असता, व कदाचित् खेळच उरला नसता. पण पाठांतील विजय पूर्वीं ठरलेला असतो. तो रोज मिळविला तरी त्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं. सामन्यांतील वार सिद्ध होतो, पण तो नियमांनीं कापून घेतलेला असतो. तीन प्रकारांचा तो पाठ आणि ६२ सेंटिमीटरची ती शिनाई यांच्यामध्यें तोदा सेइगेनची विद्या दुभंगून पडली आहे. दोन्ही तुकडे जपानी लोकांनीं टाकून दिले नाहींत, ही त्यांची रसिकता होय. आणि पाठ गिरवितांना ज्याला सामन्याची आठवण राहील, व सामना खेळतांना पाठाची, त्याच्याच हातीं ते कधीं काळीं सांधले जाण्याचा संभव आहे.